नाव मोठ्या टर्बोचं, चाक छोट्याचं: माझे एक लाख अडुसष्ट हजार कसे गेले

हे लिहायला मी उशीर केला, आणि त्या उशिराची किंमत नांदेडच्या एका पोराने मोजली. गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा भाग) बसवून आणल्यावर पहिल्या महिन्यात मी त्या गॅरेजचं तोंडभरून कौतुक केलं होतं. फोटो पाठवले, नंबर दिला. माझ्या शब्दावर त्याने वीस हजार ॲडव्हान्स भरला. तो पैसा अजून परत आलेला नाही. गेल्या महिन्यात बीडहून आणखी एकाचा फोन आला, "दादा, तुम्ही केलं तेच काम करायचंय, नंबर द्या." म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो.

माझी गाडी फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ च्या ऑक्टोबरात ती आपल्याकडे आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत नऊ लाख पंच्याण्णव हजार होती. १३६८ सीसीचं टी-जेट पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क. त्या वेळी पोलो जीटी टीएसआय १०५ पीएसची होती, यावरून कल्पना करा. मी ती २०२० मध्ये पुण्याहून जुनी घेतली. तोवर फियाटने भारतात गाड्या बनवणं थांबवून वर्ष उलटलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण फसवणारा नेमका इथे पाय रोवतो. कंपनी निघून गेलेली, सुटे भाग मिळायची मारामार, त्यामुळे "माझ्याकडे माल आहे" म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो.

लातूरला माझं शेतीअवजारांचं दुकान आहे. रोटाव्हेटर, पंप, बेअरिंग, बेल्ट. डुप्लिकेट बेअरिंग हातात घेतलं की मला कळतं. कामावरच्या पोरांना ते ओळखायला मीच शिकवलं. तरीही मी फसलो, कारण बसवायच्या आधी तो टर्बो मी हातात घेतलाच नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी ऑइल खाऊ लागली. सकाळी चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर. संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्याचं नाव दोघा-तिघांनी सुचवलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. त्याने दहा मिनिटं गाडी पाहिली आणि म्हणाला, "दादा, टर्बो गेलाच आहे. तोच मूळचा आयएचआय कंपनीचा परत बसवण्यात पैसे घालण्यापेक्षा गॅरेट कंपनीचा मोठा जीटी १४४६ टाकू. बाहेरच्या देशांतल्या १८० हॉर्सपॉवरच्या अबार्थला हाच यायचा." हे त्याचं म्हणणं खरं आहे. अबार्थच्या ६९५ ट्रिब्युटो फेरारी या गाडीमध्ये हाच टर्बो होता, आणि टी-जेट इंजिनवर तो बसवणारे जगभर आहेत. खऱ्या माहितीच्या आडून खोटा माल विकला, म्हणून मला संशय आला नाही.

हिशोब असा सांगितला: टर्बो एक लाख पाच हजार, गॅसकेट, ऑइल लाईन वगैरे अठरा हजार, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) पस्तीस हजार, मजुरी दहा हजार. एक लाख मी यूपीआयने पाठवले, तेही त्याने दिलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवर. उरलेले अडुसष्ट हजार रोख दिले. बिल मागितलं तर, "बिल घेतलं तर २८ टक्के जीएसटी वर पडेल, दादा, कशाला?" मी व्यापारी माणूस. बिल नसलं की माल कुणाचा हे सिद्ध करणं किती अवघड जातं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी मान डोलावली.

दिवाळीच्या आधी गाडी त्याच्याकडे सोडली. तीन दिवसांनी घ्यायला गेलो तेव्हा काम होऊन गेलेलं. बॉक्स दाखवला, रिकामा. जुना टर्बो मागितला तर म्हणाला, "तो कोअर एक्सचेंजमध्ये, म्हणजे नव्याच्या बदल्यात गेला, म्हणून तर तुम्हाला एवढ्यात बसला." सोबत एक डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ दिला: १८४ हॉर्सपॉवर. "पुण्याला कॅरियरवर नेऊन चेक केली," असं सांगितलं.

गाडी खरंच जोरात ओढायची. गेवराई ओलांडून बीडकडे येताना तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. बूस्ट गेज (टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारं मीटर) आधीपेक्षा पाव बार जास्त दाखवायचं. ती ओढ आणि तो काटा, एवढ्यावर मी सगळं खरं मानलं आणि लोकांना नंबर वाटत सुटलो. ओढ कशाने आली होती, ते पुढे सांगतो.

हजारेक किलोमीटर झाल्यावर बारीक शिटी सुरू झाली, लांबून ॲम्ब्युलन्स यावी तशी. फोन केला. "मोठ्या टर्बोचा आवाज असाच असतो, दादा. लोक या आवाजासाठी पैसे देतात." जानेवारीत मुद्दाम संभाजीनगरला जाऊन दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, एक क्लॅम्प आवळला, चहा पाजला आणि पाठवून दिलं. फेब्रुवारीत समृद्धीवरून मेहकरला लग्नाला निघालो होतो. जालन्याच्या इंटरचेंजच्या अलीकडे शिटीची किंकाळी झाली, खाडकन आवाज आला आणि मागे काही दिसेना इतका धूर. सोबत आई आणि बहिणीची दोन लेकरं होती. मागून येणारा ट्रक थोडक्यात बाजूने गेला. पैशाचं दुःख आहेच, पण रात्री झोपताना मला तो ट्रक आठवतो.

गाडी ओढून जालन्यात आणली. स्टीलच्या कारखान्यांमुळे तिथे ट्रक अमाप, आणि ट्रकचे टर्बो खोलणारे जुने मिस्त्रीही आहेत. त्यातल्या एका चाचांकडे गेलो. बोअरच्या मशीनपासून बोलेरोपर्यंत सगळ्यांचे टर्बो त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी टर्बो बाहेर काढला, पुसला, उजेडात फिरवला आणि म्हणाले, "बेटा, हे कंपनीचं नाही." मग जे एकेक दाखवलं, ते तुम्हीही बघून ठेवा.

आधी पाटी. त्यावर गॅरेट आणि १४४६ होतं, पण अक्षरं पसरट, आणि सिरीयल नंबरची जागा कोरी. मग त्यांनी कंप्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूचं हाउसिंग उतरवून चाक माझ्यापुढे धरलं. चाक आणि शाफ्टची जोडी बॅलन्स करताना नटावर किंवा चाकाच्या पाठीवर अगदी थोडं धातू घासतात. त्याच्या स्वच्छ खुणा दिसायला हव्यात. इथे कानशीने ओढल्यासारखा एकच ओरखडा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरतो. त्या वेगात बॅलन्समध्ये राहिलेली किंचितशी चूकही बेअरिंग फोडून टाकते. माझी "शिटी" ती होती. चाकाची दोन पाती तुटलेली, हाउसिंगला आतून घासल्याचा गोल पट्टा.

मग मला माझ्या धंद्यातली गोष्ट आठवली. गॅरेटच्या नावात शेवटचे दोन आकडे म्हणजे कंप्रेसरच्या चाकाचा मोठा व्यास, मिलीमीटरमध्ये. जीटी १४४६ म्हणजे ४६. चाचांचा व्हर्नियर घेतला आणि शाबूत पात्यांवरून चाक मोजलं. ४० च्या आसपास भरलं. दुसऱ्यांदा मोजलं, तेवढंच. चाचा म्हणाले, "नाव मोठ्याचं लावलं, चाक छोट्याचं." म्हणजे माझ्या मूळ टर्बोच्याच मापाची नक्कल, तीही हलकी, पाटी बदलून मला एक लाख पाच हजारांना विकली होती.

मग ती ओढ कुठून आली? चाचांनी वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरची दांडी दाखवली. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, आणि ती या दांडीने हलते. तिच्या आट्यांवर नट बराच आत फिरवलेला. दांडी आखूड केली की वेस्टगेट घट्ट बसतं आणि उशिरा उघडतं, बूस्ट वाढतो, गेजचा काटा वर जातो. पाच मिनिटांचं पान्याचं काम. पण छोटं चाक त्यामुळे झेपेल त्यापेक्षा जोरात फिरत राहतं, आणि पेट्रोल गाडीत टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला नऊशे अंशांच्या वरची उष्णता असते. त्यात ऑइल परत जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी सिलिकॉनचा थर पिळून अर्धी वाट बंद झालेली. टर्बोत ऑइल येतं दाबाने आणि परत जातं आपल्या वजनाने. खाली वाट मिळाली नाही की ते सीलमधून बाहेर पडतं. धूर त्याचा होता.

उरला रिमॅप. पुण्यातल्या एका ओळखीच्या ट्यूनरने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर वाचून मूळ फाइलशी ताडून पाहिला. एक आकडाही बदललेला नव्हता. पस्तीस हजार हवेत. घरी येऊन डायनोचा ग्राफ पहिल्यांदा नीट पाहिला, तर त्यातली रेषा सात हजार आठशे आरपीएमपर्यंत जाते. माझं इंजिन साडेसहा हजारांच्या आसपासच थांबतं. तो ग्राफ दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

त्याला फोन केला. आधी "बघतो", मग "तुम्ही गाडी रगडली", आणि शेवटी खरं हत्यार काढलं. "दादा, तक्रार कुठं करणार? गाडीत बदल तुम्ही केलाय. आरटीओ तुमच्यावरच केस करेल." ही धमकी पोकळ नाही, म्हणूनच ती चालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १८२-अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीलाही न कळवलेला बदल दाखवून दावा नाकारायला वाव मिळतो. समृद्धीवर त्या दिवशी धडक झाली असती तर आम्ही कुठे उभे राहिलो असतो, याचा विचार मी आधी केला नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी आहे. गाडी आता मूळ मापाच्या टर्बोवर आहे. तो मिळवायला, इंटरकूलरमधले (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागातले) धातूचे कण धुऊन काढायला आणि ऑइलने चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला आणखी चौऱ्याहत्तर हजार लागले.

पण त्या धमकीने मी दोन महिने गप्प बसलो, हे जास्त लागतं. लातूरच्या वकीलसाहेबांनी कागद पाहून सांगितलं, "दंड झाला तर भरू. पण त्याने नकली माल खरा म्हणून विकला, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ते तुमच्या दंडाने माफ होत नाही." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. माझ्याजवळ यूपीआयचा तपशील, "ओरिजनल जीटी १४४६, बॉक्स पॅक" हा त्याचा मेसेज, आणि गाडी सोडताना व घेताना काढलेले किलोमीटरचे फोटो आहेत. तीन दिवसांत गाडी ११ किलोमीटर चालली होती. कॅरियरची पावती दाखव म्हटलं, ती त्याच्याकडे नाही. तुटलेला टर्बो चाचांच्या समोर पिशवीत घालून सील केलाय, त्यावर त्यांची सही आहे. रोख दिलेल्या अडुसष्ट हजारांचा मात्र एक कागदही नाही, आणि वकिलांनी स्पष्ट सांगितलंय की त्याची फार आशा धरू नका.

नांदेडच्या पोराला मी सोबत घेतलंय, त्याचीही तक्रार त्याच्या जिल्ह्यात दाखल झाली. बीडवाल्याला सांगितलं, टर्बो घ्यायचाच झाला तर बॉक्स तुझ्यासमोर फोडायला लाव, चाक मोज, पाटीचा फोटो काढ, ईसीयूची फाइल कामाआधी आणि नंतर वाचून घे, आणि जुना टर्बो डिकीत टाकूनच घरी ये.

कारण माझा जुना टर्बो बिघडला होता की नाही, याचीच आता मला शंका आहे. चाचा म्हणाले, टी-जेटचा निळा धूर कित्येकदा व्हॉल्व्ह सीलचा असतो, आणि मूळ आयएचआय टर्बोला आज बाजारात चांगला भाव आहे. त्याने तो उघडून मला दाखवलाच नाही. त्या टर्बोच्या हीट शील्डचा खालचा बोल्ट मूळचा नाही. दुकानातला आठ नंबरचा ॲलन बोल्ट मी २०२१ मध्ये तिथे लावलाय, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या ऑइल पेंटची उभी रेघ आहे. संभाजीनगर, जालना, नांदेड, कुठेही असा टर्बो कुणी विकायला आणला तर घेऊ नका. त्याच्या पाटीचा फोटो काढा आणि मला कळवा.