आरटीओच्या, म्हणजे ग्राहकाने न घेताच परत आलेल्या, पार्सलमधून वापरलेली साडी निघतेच कशी?

नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025 या पाच महिन्यांत झालेल्या फसवणुकीत माझे 5,04,643 रुपये गेले. परत आलेल्या मालाचे काम बाहेरच्या माणसाकडे सोपवणारे छोटे विक्रेते सांगली-मिरज भागात पुष्कळ आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

2019 च्या महापुरात गणपती पेठेतील आमच्या दुकानात पाणी शिरले आणि त्यानंतर आम्ही साड्यांची विक्री ऑनलाइन सुरू केली. 2024 च्या दिवाळीनंतर परतीच्या पार्सलांचा ढीग माडीच्या जिन्यापर्यंत आला होता. प्रत्येक पार्सल स्कॅन करायचे, एडब्ल्यूबी (कुरिअरचा पार्सल) क्रमांक जुळवायचा, साडी उलगडून तपासायची, पुन्हा घडी घालून साठ्यात नोंदवायची आणि माल बदललेला असेल तर मुदतीच्या आत क्लेम (भरपाईचा दावा) टाकायचा. रोज अशी 38-39 पार्सले आम्हा दोघांना उरकत नव्हती. अशा वेळी धाकट्या जाऊबाईंच्या माहेरच्या ओळखीतून परतीच्या मालाचे काम घेणारा एक मनुष्य आला. "ताई, तुम्ही फक्त विक्री बघा, रिटर्न माझ्यावर सोडा," असे तो म्हणाला. शहराबाहेर उंचावर असलेले, पुराचे पाणी कधीच न पोहोचणारे गोदाम त्याने दाखवले, आणि ज्यांनी दुकानातला ओला माल पोत्यांत भरून फेकला आहे त्यांना अशा गोदामाचे काय वाटते हे त्याला नेमके ठाऊक होते. दर पार्सलमागे 14 रुपये आणि रॅक व कॅमेऱ्यांसाठी 50,000 रुपये अनामत ठरली. करार एका पानाचा होता आणि माल कमी भरल्यास जबाबदारी कोणाची, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. ती ओळ नसेल तर सही करू नका.

त्याने काय केले हे जाणकारांना सांगायला नको. चांगली साडी काढून घ्यायची, जागी जुनेर ठेवायचे आणि शीटमध्ये "वापरलेली" असे लिहायचे. ग्राहक नेसलेली साडी परत पाठवतात हे आम्ही अनुभवलेले होते, त्यामुळे त्याच्या नोंदी खोट्या वाटल्या नाहीत.

पण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी गोदामात बसून ती शीट वाचत होते. एका रकान्यात "आरटीओ" आणि त्याच ओळीत पुढे "वापरलेली, डाग" असे लिहिले होते. आरटीओ म्हणजे ग्राहकाने घेतलेच नाही असे पार्सल. ते कुणी फोडलेले नसते, आमच्याच चिकटपट्टीसह ते जसेच्या तसे परत येते. मग त्यातली साडी नेसली कोणी? अशा सात ओळी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्याला विचारले, तेव्हा कुरिअरची मुले वाटेत पार्सल फोडतात असे तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. त्याच क्षणी मी आरटीओचे एक न फोडलेले पार्सल उचलून स्वतः फोडले असते, तर निम्म्याहून अधिक माल वाचला असता. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, हिशेब स्वतः लिहिते, निष्काळजी नाही; पण त्या आठवड्यात यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती आणि माझे अर्धे लक्ष रुग्णालयात होते. आरटीओ आणि ग्राहकाकडून आलेला परतावा यांचे हिशेब वेगळे ठेवा, आणि आरटीओ स्वतःच्या हाताने फोडा.

एप्रिलमध्ये नणंदेने मिरजेतील एका सेलमधून 250 रुपयांना साडी आणली. तिच्या घडीत माझ्या अक्षरातला एसकेयूचा (आमच्या मालाच्या ओळख-क्रमांकाचा) स्टिकर निघाला. आम्ही गोदामाकडे धावलो, तोवर ते रिकामे झाले होते.

1,146 साड्या बदलल्या गेल्या, त्यांपैकी 412 आरटीओच्या होत्या. सरासरी 310 रुपये खरेदीने 3,55,260 रुपयांचा माल गेला. 5,830 पार्सलांची मजुरी म्हणून मी त्याला 81,620 रुपये दिले, आणि अनामत बुडाली. क्लेम फेटाळले गेले, कारण त्याने पाठवलेल्या एकाही व्हिडिओत सील फोडतानाचे दृश्य नव्हते. लेबल, सील आणि आतला माल एकाच सलग चित्रणात दिसलाच पाहिजे, आणि ते चित्रण रोजच्या रोज स्वतः पाहा.

त्यानंतर सुरू झालेले हेलपाटे फसवणुकीइतकेच जिव्हारी लागले आहेत. पहिल्या पोलीस ठाण्यात गोदाम आमच्या हद्दीत नाही असे सांगितले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 म्हणते. मी ते छापून नेले होते, पण कागद हातातही घेतला गेला नाही. दुसऱ्या ठाण्यात हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा, असा सल्ला मिळाला. विश्वासाने सोपवलेला माल परस्पर विकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खालचा गुन्हा आहे, हे मी एका अधिकाऱ्याला उभ्यानेच सांगत होते, कारण बसा असेही कोणी म्हणाले नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, तर पैसे ऑनलाइन वळते झाले आहेत का, एवढाच प्रश्न आला. विक्री ऑनलाइन असली तरी चोरी गोदामात झाली, म्हणून माझी तक्रार तिथेही बसत नव्हती. व्यापारासाठी घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाचे दारही बंद आहे, असे वकिलांनी सांगितले. आणि चोरीस गेलेल्या मालावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणून जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार मी 17,763 रुपये परत भरले. कर घेताना माल चोरीला गेला हे मान्य होते, आणि तक्रार लिहून घेताना मात्र तो केवळ व्यवहाराचा वाद ठरतो, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. तिथे दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. त्याने परत दिलेल्या जुनेरांची गाठोडी माजघरात तशीच पडली आहेत, आणि पंचनामा होईपर्यंत त्यांतला एकही कपडा मी हलवणार नाही.