रोध काढायचा: ओहम रेंजवरून की व्होल्टेज-करंटवरून?

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट, एवढं गृहीत धरतो. प्रश्न उरतो तो आकडे आणायचे कुठून याचा. एक वाट अशी की मल्टिमीटर ओहम रेंजवर ठेवून रोध थेट वाचायचा आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध करून वॉट काढायचे. दुसरी वाट म्हणजे वस्तू चालू ठेवायची, तिच्या टोकांवरचं व्होल्टेज आणि तिच्यातून जाणारा करंट मोजायचा आणि त्यावरून रोध व वॉट दोन्ही काढायचे. पहिलं काम दहा सेकंदांत उरकतं, दुसऱ्यासाठी वायर सोडवावी लागते. तरीही माझा कल दुसरीकडे आहे. कारण मुख्यतः एकच: ओहम रेंज सांगते तो रोध वस्तू थंड असतानाचा.

वाहनाचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा फिलामेंट बल्ब घ्या. पेटलेला असताना तो १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध ६.८६ ओहम. तोच बल्ब काढून ओहम रेंजवर धरला तर साधारण अर्धा ओहम दिसतो. त्यावरून वॉट काढले तर उत्तर येतं २८८! मीटर खोटं बोलत नाही. त्याने पाठवलेला करंट जेमतेम मिलिअँपिअरच्या घरातला, त्याने फिलामेंट कोमटही होत नाही. फिलामेंटच्या टंगस्टनचा रोध मात्र तापल्यावर दहापटीहून जास्त वाढतो. बल्बच्या बाबतीत २८८ हा आकडा पाहूनच चूक कळते. तांब्याच्या गुंडाळीत ती कळत नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंड असताना १० ओहमची सोलेनॉइडची (करंट दिला की चुंबक होऊन दांडा ओढणाऱ्या भागाची) कॉइल ५० अंशांनी तापली की जवळपास १२ ओहमची होते. १२ व्होल्टवर थंड हिशेबाने १४.४ वॉट येतात, प्रत्यक्षात उरतात १२. दोन्ही आकडे पटण्यासारखे, म्हणून कुणी शंकाही घेत नाही. नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) हीटरला मात्र हा आक्षेप फारसा लागू नाही. तिथे फरक काही टक्क्यांचाच, ओहम रेंज खुशाल वापरा.

लहान रोधांत आणखी एक कटकट. प्रोबच्या, म्हणजे मीटरच्या टोकदार सळ्यांच्या, वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो आणि टोकं किती दाबून धरली यावर तो हलतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करता येतो, पण अर्ध्या ओहमच्या मोजणीत ०.०५ ची हालचालसुद्धा दहा टक्के होते.

आता दुसऱ्या पद्धतीचे दोष. मीटरची लाल वायर अँपिअरच्या सॉकेटमध्ये विसरायची आणि तसेच प्रोब बॅटरीला लावायचे, ही चूक सगळ्यांना ठाऊक आहे. सॉकेटला फ्यूज असेल तर फ्यूजवर निभावतं, नसेल तर वायर तापते किंवा मीटर जातं. शिवाय अँपमीटर स्वतः व्होल्टेज खातो. साध्या साडेतीन अंकी मीटरमध्ये २०० मिलिअँपिअर रेंज पूर्ण भरली की सुमारे ०.२ व्होल्ट तिथेच पडतं. ३.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये हे सहा टक्के झाले.

म्हणून मीटरची करंट रेंज टाळून ०.१ ओहम, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा सुटा भाग) सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्याच वाटेत, टाकलेला मला बरा वाटतो. मीटर व्होल्टेजच्या सॉकेटमध्येच राहतं. रेझिस्टरवर १७५ मिलिव्होल्ट दिसले की करंट १.७५ अँपिअर. त्यात उष्णता ०.३ वॉटच होते, तरी ३ किंवा ५ वॉटचा घ्यावा, म्हणजे तो तापून स्वतःचाच आकडा बदलत नाही. प्रोब मात्र रेझिस्टरच्या पायांवर अगदी आतल्या बाजूला टेकवायचे. स्क्रूच्या टर्मिनलवर टेकवले तर सांध्याचा रोधही मोजला जातो आणि ०.१ ओहमपुढे सांध्याचा ०.०१ ओहमही नगण्य नसतो.

व्होल्टेज बॅटरीवर नव्हे, लोडच्या (ज्या वस्तूला करंट जातो तिच्या) टोकांवर घ्यायचं. बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर १२.० असेल तर बॅटरीच्या आकड्याने २१.७ वॉट येतात, बल्बचे खरे २१. मधले ०.७ वॉट वायर आणि सांधे गरम करण्यात गेले. बल्ब मंद पेटतोय अशी तक्रार असेल तर हाच फरक कामाचा ठरतो, आणि ओहम रेंजवर तो बहुधा सापडतच नाही. गंजलेला सांधा मिलिअँपिअरला निमूट वाट देतो, पावणेदोन अँपिअरला अडवतो.

रोध मोठा असेल तर मात्र पारडं फिरतं. १ मेगाओहमला १२ व्होल्ट लावले की करंट १२ मायक्रोअँपिअर, आणि त्याला समांतर लावलेला १० मेगाओहमचा व्होल्टमीटर आणखी १.२ घेतो. अँपमीटर बाहेरच्या बाजूला असेल तर तो दोन्हींची बेरीज दाखवतो आणि रोध ०.९१ मेगाओहम निघतो. व्होल्टमीटर अँपमीटरच्या अलीकडे जोडून ही चूक टाळता येते, पण सुटा रेझिस्टर हातात असताना एवढा खटाटोप कशाला? काही किलोओहमच्या वर, न तापणाऱ्या आणि सर्किटमधून सोडवलेल्या भागासाठी ओहम रेंजच सोयीची. सर्किटमध्येच ठेवून मोजाल तर समांतर वाटांमुळे आकडा कमी दिसेल.

हे सगळं डीसीचं. एसीवर मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर गुणाकाराने व्होल्ट-अँपिअर मिळतात, वॉट नव्हेत, आणि भागाकाराने मिळते ती इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, निव्वळ रोध नव्हे. गुंडाळीचा निव्वळ रोध हवा असेल तर ती चालवून गरम करा, पुरवठा तोडा आणि ती निवायच्या आत लहान डीसी करंट देऊन व्होल्टेज वाचा.