रानमोहरी की घरची मोहरी? सोलापूरच्या गच्चीवर काय लावावं

रानमोहरी लावायची आहे, असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारते: कोणती? कारण या नावाखाली तीन निरनिराळी झाडं विकली जातात आणि सांगितली जातात. त्यातलं एक तर सरळ बाद करा. युरोपात गव्हाच्या शेतात माजणारं पिवळ्या फुलांचं तण ऑनलाइन ‘रानमोहरी’ म्हणून दिसतं. ते थंड हवेचं आहे, आपल्याकडे त्याचं काही काम नाही. शिवाय त्याचं बी मातीत कित्येक वर्षं, अगदी दशकंही, जिवंत राहतं. मुद्दाम विकत आणून पेरावं असं ते नव्हे.

उरतात दोन. आपल्या माळावर, बांधावर, पडीक प्लॉटमध्ये पावसाळ्यात आपोआप उगवणारी पिवळी तिळवण आणि तिची बहीण पांढरी तिळवण. सोलापुरात ‘रानमोहरी’ म्हणावं तर यांनाच. त्यांच्या समोर उभी आहे ती फोडणीच्या डब्यातली मोहरी, जी कुंडीत पेरली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते. माझं मत आधीच सांगून टाकते. खायला पाला हवा असेल तर थंडीत मोहरी लावा आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात पांढरी तिळवण. पिवळी तिळवण ज्याला हौस आहे आणि मोकळी जागाही आहे, त्यानेच लावावी. बाकी लिहिते आहे ते हे असं का, याबद्दल.

आधी ओळख, कारण इथे चूक महागात पडते

पिवळी तिळवण हाताला चिकट लागते. खोड, पानं, शेंगा, सगळ्यांवर चिकट लव असते आणि चुरगळलं की उग्र वास येतो. पान तीन ते पाच दलांचं, फूल चार पाकळ्यांचं पिवळंधमक, शेंगा बारीक, लांब, उभ्या. पांढरीचं पान पंजासारखं, बहुधा पाच दलांचं. फुलं पांढरी आणि त्यातून जांभळट पुंकेसर लांब बाहेर आलेले. मोहरीचं पान असं दलांत विभागलेलं नसतं. खालची पानं मोठी, कडेला कातरलेली असतात, मुळ्याच्या पाल्याची आठवण व्हावी अशी.

चौथं झाड आहे पिवळा धोत्रा, आणि ते मात्र ओळखता आलंच पाहिजे. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत सोलापूरच्या रस्त्यांच्या कडेला, नाल्याकाठी, पडीक रानात तो भरपूर असतो. नेमक्या त्याच दिवसांत मोहरीही फुलते, म्हणून गोंधळ होतो. धोत्र्याची पानं काटेरी आणि वर पांढरट शिरा असलेली, खोड मोडलं की पिवळा चीक येतो, बोंडंही काटेरी. बी मात्र काळं, बारीक, गोलसर, म्हणजे दुरून मोहरीच. जवळून पाहिलं तर त्यावर जाळीदार नक्षी दिसते. त्याच्या तेलात सँग्विनरीन नावाचं विष असतं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हे तेल मिसळलं गेलं आणि ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ची साथ आली. पायांना सूज, दम लागणं, हृदयावर ताण, आणि अनेकांचे जीव गेले. म्हणून रस्त्याकडेच्या पिवळ्या फुलाचं काळं बी ‘रानमोहरीचं’ म्हणून कुणी मूठभर दिलं तर घेऊ नका, पेरू नका, आणि फोडणीत तर घालूच नका. काटा दिसला की ते झाड आपलं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऊन, पाणी आणि माती

सोलापूरचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडकतो. मोहरी रब्बीची. तिला थंडी लागते आणि आपल्याकडची थंडी तशी बेताचीच. डिसेंबर-जानेवारीत रात्री 15 अंशांच्या आसपास उतरतात, पण दुपारी पारा तिशीकडे असतो. त्यामुळे उत्तरेत चार-साडेचार महिने रेंगाळणारं पीक इथे घाईने फुलोऱ्यावर येतं. एकदा दांडा वर निघाला की पानं जून आणि कडू होतात. मार्चनंतर पेरलेली मोहरी उगवते खरी, पण बोटभर वाढून फुलते आणि संपते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवर मोहरी लावणं म्हणजे बी वाया घालवणं.

तिळवणीचं उलटं. पांढरी तिळवण ज्वारी, ऊस, मका यांच्यासारखी सी-4 पद्धतीने अन्न तयार करते. सोप्या भाषेत सांगायचं तर कडक ऊन आणि कमी पाणी असतानाही तिचा कारखाना चालू राहतो. भाजीपाल्यात हा गुण फार थोड्यांकडे आहे. पिवळीकडे हा गुण नाही, पण ती खोल सोटमुळावर आणि चिकट लवेवर तग धरते. दोघींनाही थंडी मानवत नाही. नोव्हेंबरमध्ये पेरलं तर त्या रुसून बसतात.

पाण्याचं बोलायचं तर ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे कुंडीचा विचार पाण्याच्या पिंपापासूनच सुरू होतो. थंडीत मोहरीच्या कुंडीला एक दिवसाआड पाणी पुरतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. पांढरी तिळवण एखादा दिवस विसरलात तर सुकल्यासारखी दिसेल आणि पाणी दिलं की उठेल. मात्र रोज भरपूर पाणी दिलेलं तिला आवडत नाही. कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. बोअरचं पाणी खारं असेल, कुंडीच्या काठावर पांढरा थर जमत असेल, तर मोहरी मोठी झाल्यावर ते बऱ्यापैकी सोसते. उगवतानाचे पहिले आठ-दहा दिवस मात्र गोडं पाणी द्या.

आपली काळी माती एकटी कुंडीत भरू नका. ओली असताना चिखल, वाळली की दगड, आणि भेगा पडल्या की मुळं तुटतात. निम्मी माती, पाव हिस्सा जाड वाळू किंवा कोकोपीट, पाव हिस्सा कुजलेलं शेणखत. जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही, त्यामुळे ओळखीतून पूर्ण कुजलेलं प्रेसमडचं (उसाचा रस गाळून उरलेल्या मळीचं) खत मिळालं तर तेही छान. तिळवणीला खत थोडं कमी झालं तरी ती कुरकुरत नाही. मोहरी कुरकुरते; खालची पानं पिवळी पडतात.

पेरणी

मोहरीसाठी बियाण्याच्या दुकानात जायची गरज नाही. किराणातली चांगली, अख्खी, न भाजलेली मोहरी पेरा. दसरा झाला, ऑक्टोबरचा उकाडा ओसरायला लागला की सुरुवात करायची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर फार उशीर करायचा नाही. बी सेंटिमीटरभर खोल, मग रोपं चार पानांवर आली की विरळणी. पाल्यासाठी दोन रोपांत चार बोटं अंतर पुरतं, बी धरायचं असेल तर वीतभर ठेवा. विरळणीत काढलेली कोवळी रोपं टाकू नका, कोशिंबिरीत घाला.

तिळवणीचं बी दुकानात सहसा नसतंच. ते मिळवण्याचा मार्ग म्हणजे श्रावण-भाद्रपदात झाड ओळखून ठेवायचं आणि शेंगा पिवळ्या पडल्या की तडकण्याआधी खुडून कागदी पिशवीत वाळवायच्या. गावाकडे कुणाचं रान असेल तर तिथून आणा. एमआयडीसीच्या किंवा हायवेच्या कडेची झाडं नको, तिथे काय सांडलंय ते कळत नाही. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: ताजं बी लगेच पेरलं तर फारच थोडं उगवतं. त्याला झोप असते. ऑक्टोबरात धरलेलं बी पुढच्या मार्चमध्ये किंवा मृगाच्या पावसाला पेरलं तर नीट येतं. बी बारीक असल्यामुळे वाळूत मिसळून विखरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. रोपं उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. सोटमूळ दुखावलं की रोप बसतं.

हाती काय लागतं

मोहरीचा पाला महिन्याभरात खुडायला येतो. बाहेरची पानं काढत राहिलं तर तीन-चार वेळा भाजी होते. लक्ष्मी मंडईत मेथी, चुका, शेपू, अंबाडी यांचे ढीग असतात, मोहरीचा पाला मात्र क्वचितच दिसतो. त्यामुळे घरी लावण्याला अर्थ आहे. लसूण, हिरवी मिरची, मूठभर भिजवलेली मूगडाळ आणि वरून शेंगदाण्याचं कूट घालून परतली की ज्वारीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते. सरसोंच्या सागाच्या मागे लागू नका. त्याला जेवढा पाला लागतो तेवढा दोन कुंड्यांतून निघत नाही.

बियांसाठी मोहरी लावणं मला पटत नाही. मोठ्या कुंडीतून मळून, पाखडून शेवटी मूठभर मोहरी निघते आणि त्यासाठी फेब्रुवारीपर्यंत कुंडी अडकून राहते. किराणात ती स्वस्त मिळते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आवकायला, म्हणजे कैरीच्या लोणच्याला, जेवढी मोहरीची पूड लागते, तेवढी गच्चीवर पिकवायची तर खाली राहायलाच जागा उरणार नाही. हां, मुलांना फूल-शेंग-बी असं सगळं चक्र दाखवायचं असेल तर एक कुंडी जरूर राखा. मोहरी फेसली की नाकात का जाते तेही तेव्हा दाखवता येतं: अख्ख्या दाण्यात तिखटपणा नसतोच, दाणा चिरडून पाणी लागलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येऊन तो तयार होतो.

पांढऱ्या तिळवणीची कोवळी पानं आणि शेंडे चार ते सहा आठवड्यांत मिळतात. चव कडवट, मोहरीसारख्याच उग्रपणाची. दोघींचे घटक त्या बाबतीत जवळचे आहेत. उकडून पाणी टाकून द्यायचं, पिळायचं आणि मग परतायचं. केनिया, झिम्बाब्वेसारख्या आफ्रिकी देशांत ही बाजारात विकली जाणारी नेहमीची पालेभाजी आहे आणि केनियात कडूपणा मारायला तिच्यात दूध घालतात. आपल्याकडे तेलुगू भाषकांत ती ‘वामिंट’ म्हणून माहीत आहे. फुलांचे शेंडे खुडत राहिलात तर पाला जास्त दिवस मिळतो.

पिवळीचा खरा उपयोग बियांचा. गढवाल-कुमाऊंमध्ये ‘जखिया’ म्हणून तिचं बी फोडणीत घालतात, विशेषतः बटाट्याच्या भाजीत. तेलात तडतडतं आणि दाताखाली कुरकुरीत लागतं. करून बघण्यासारखं आहे. पण शेंग वाळली की तडकते आणि बी गच्चीभर, शेजारच्या कुंड्यांत, पत्र्याच्या पन्हाळीत जाऊन पडतं. पुढच्या पावसाळ्यात सगळीकडे तीच. लहान बाल्कनीत हे झाड नको. वासही सगळ्यांना सोसवत नाही. तिला ‘कानफुटी’ म्हणतात आणि कान दुखला की पानांचा रस घालायची जुनी रीत सांगितली जाते. ती करू नका. हा रस कातडीवरही चुरचुरतो, कानाचा पडदा तर नाजूक.

कीड

मोहरीवर मावा येणारच, साधारण जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास, ढगाळ हवा असली की हमखास. शेंड्याला राखाडी-हिरवे किडे गर्दी करतात. पहिल्याच दिवशी शेंडा मोडून टाका, बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी अर्क. ढालकिडे दिसले तर काहीच फवारू नका, ते मावा खातात. पाल्यासाठी लावलेली मोहरी तोवर खाऊन झालेली असते, हाही तिचा फायदा. तिळवणीला कुंडीत फारसा त्रास होत नाही.

मग कुणी काय लावावं

जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये पूर्वेची लहान बाल्कनी असेल तर मोहरी, आणि तीही फक्त ऑक्टोबर ते जानेवारी. एवढंही ऊन नसेल तर ट्रेमध्ये मोहरीचे मायक्रोग्रीन, म्हणजे दाट पेरलेली कोवळी रोपं, करा. आठ-दहा दिवसांत कातरायला येतात आणि घरात सावलीला उन्हाळ्यातही जमतात. पश्चिमेचं ऊन झेलणारी तापलेली गच्ची, जिथे मे महिन्यात काहीच टिकत नाही, तिथे पांढरी तिळवण. बंगला आहे, कुंपणाकडेला मुरमाड पट्टा रिकामा आहे, तर पिवळीला तिथे जागा द्या आणि शेंगा पिवळ्या पडताच खुडा.

एकच मोठी कुंडी असेल तरी दोन्ही जमतात. दसऱ्यानंतर मोहरी पेरायची, फेब्रुवारीत उपटायची, माती दोन दिवस उन्हात मोकळी करून शेणखत मिसळायचं आणि मार्चमध्ये त्यात तिळवणीचं साठवलेलं बी टाकायचं. पुढच्या थंडीत मात्र त्या मातीत मोहरी किंवा मुळा न लावता एक फेर मेथीचा घ्या. मोहरी हवीच असेल तर तिच्यासाठी दुसरी कुंडी आणा.