ग्लुटेनविना चॉकलेट केक: कोको पावडर, खरे चॉकलेट की कंपाउंड?

घरात कोणाला सीलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असले की केकसाठी मैद्याऐवजी तांदळाचे पीठ किंवा काजूची पूड घ्यावी हे चटकन सुचते, पण चॉकलेटाचे पाकीट उलटून पाहण्याचे बहुधा राहून जाते. ते उलटताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: ग्लुटेन आणि कृत्रिम स्वाद. ग्लुटेन हे प्रथिन गहू, जव आणि राय या धान्यांतून येते व सीलिॲक असलेल्याला त्याचा अंशही बाधतो. कृत्रिम स्वादाचा त्याच्याशी संबंध नाही, तो आपल्या पसंतीचा भाग आहे.

साध्या कोको पावडरीत बहुधा एकच घटक असतो, फार तर अल्कलीने प्रक्रिया केल्याचा उल्लेख. म्हणून माझा कौल तिला आहे, मात्र बंद पाकिटातल्या. म्हापशाच्या बाजारात एका दुकानातून मी सुटी कोको पावडर घेत असे. एकदा दुकानदाराने त्याच डब्यात बुडवलेल्या पत्र्याच्या पळीच्या कडेला मैद्याची पांढरी रेघ दिसली, आणि भाचीसाठी केलेला आधीचा केक आठवून मी गारच पडलो. ड्रिंकिंग चॉकलेटला कोको पावडर समजणे ही दुसरी चूक: त्यात साखर असते, आणि माल्ट घातलेल्या पेयांत तर जवच असतो.

खरे डार्क चॉकलेट म्हणजे कोको, कोकोबटर, साखर आणि मिश्रण एकजीव ठेवणारे थोडे लेसिथिन (पाकिटावर ३२२ या क्रमांकाने). यांत ग्लुटेन नाही. धोका असतो तो बिस्किटे किंवा वेफर बनवणाऱ्या सामायिक यंत्रांचा, म्हणून ‘मे कंटेन व्हीट’ असे छापलेले पाकीट सीलिॲकवाल्या घराने खाली ठेवावे. चवीला हे सरस, पण कोकोबटर सुमारे ३४ अंशांना वितळते आणि मे महिन्यात आपल्याकडची दुपार त्याच्या आसपासच असते, त्यामुळे वरचा थर चकचकीत बसवणे जिकिरीचे होते.

कंपाउंड इथेच बाजी मारते. कोकोबटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असल्याने ते टेंपरिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवून-थंड करणे) न करता गोठते, स्वस्तही पडते. पण कोकोची उणीव बहुधा स्वादाने भरून काढलेली असते. तेथे बारीक अक्षरे वाचावीत: कृत्रिम स्वाद असेल तर त्याचे नाव देणे भारतात बंधनकारक आहे, जसे एथिल व्हॅनिलिन, ‘नेचर आयडेंटिकल’ म्हणजे मात्र व्हॅनिलाच्या शेंगेतला रेणू कारखान्यात घडवलेला, शेंग नव्हे. कृत्रिम स्वाद टाळणाऱ्यांनी दोन्ही वगळावेत. चोको चिप्सनाही हाच निकष.

‘ग्लुटेन फ्री’ असे छापायचे तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सीलिॲकसाठी मी हा शिक्का असलेलेच घेईन; नुसत्या पसंतीचा प्रश्न असेल तर घटकांची यादी पुरे.

व्हॅनिलाची शेंग फोंड्याच्या मसाल्यांच्या बागांत पिकते. महाग असली तरी एका शेंगेत दोन केक निघतात. उरते बेकिंग पावडर. तिच्यात स्टार्च घालतात, तो मक्याचा आहे की गव्हाचा हे पाकिटावर पाहिल्याशिवाय कोको निवडण्याचे सारे कष्ट फुकट जातील.