एकट्या डिजिटॅक्टवर बीट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

एलेक्ट्रॉन कंपनीचा पहिला डिजिटॅक्ट, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून त्यांचा ताल रचणारं यंत्र, मी वापरलेला घेतला आणि तेव्हापासून बीट करण्यासाठी लॅपटॉप उघडलेला नाही. सॅम्पल (आवाजाचा रेकॉर्ड केलेला तुकडा) घेणं, कापणं, रचणं, मिक्स करणं, सगळं याच डब्यात. आता हात चांगला बसलाय, त्यामुळे हे मशीन घ्यायचा विचार असलेल्यांसाठी लिहितोय.

ओळख थोडक्यात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कंपनीचं हे यंत्र २०१७ साली आलं. आठ ऑडिओ ट्रॅक, शिवाय बाहेरची वाद्यं चालवायला आठ मिडी ट्रॅक. एका पॅटर्नला (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या रचनेला) जास्तीत जास्त ६४ स्टेप, म्हणजे तालाची घरं, एका प्रोजेक्टला ६४ एमबी सॅम्पल मेमरी, सॅम्पल मोनो (एकाच चॅनेलचे), आणि एका दमात ३३ सेकंदांपर्यंत रेकॉर्डिंग. प्रत्येक ट्रॅकवर एका वेळी एकच आवाज वाजतो. पुढचा आला की आधीचा तिथेच तुटतो. कागदावर हे सगळं तुटपुंजं दिसतं. पण मला हे यंत्र इतकं आवडायचं कारण त्या शेवटच्या अटीतच आहे.

माझे मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांच्याकडे बसून पखवाज आणि टाळ दोन्ही रेकॉर्ड केले. मामांनी डाव्या तोंडाला ताजी कणीक लावली, दोनदा काढून पुन्हा थापली, आणि मनासारखा घुमारा आल्यावरच म्हणाले, "हं, आता घे." डिजिटॅक्टच्या सॅम्पलिंग पानावर थ्रेशोल्ड लावून ठेवलं की थाप पडल्यावरच रेकॉर्डिंग सुरू होतं, त्यामुळे पुढची शांतता कापत बसावं लागत नाही. उजव्या तोंडाचे बोल वेगळे घेतले, डाव्याचे वेगळे.

हे वेगळं घेणं गरजेचं आहे. 'धा' अख्खा एका सॅम्पलमध्ये घेतला आणि त्याच ट्रॅकवर पुढे 'तिट' टाकला, तर 'तिट' येताक्षणी डाव्या हाताची घुमही मरते. खऱ्या पखवाजात तसं होत नाही, उजवा हात बोलत असताना डावं तोंड घुमतच असतं. म्हणून एक ट्रॅक उजव्याला, एक डाव्याला. एकाच ट्रॅकवर प्रत्येक स्टेपला वेगळं सॅम्पल लावता येतं: स्टेपचं बटण दाबून धरायचं आणि सॅम्पलची नॉब फिरवायची, झालं. उजव्या हाताचे सगळे बोल असे एका ट्रॅकवर बसतात.

टाळाच्या बाबतीत तर ही अट वरदान ठरली. मोकळा टाळ आणि दाबलेला टाळ एकाच ट्रॅकवर ठेवले, की दाबलेला वाजताच मोकळ्याचा झणकार थांबतो. वारकऱ्याच्या हातात नेमकं हेच होतं. त्यासाठी वेगळं काही सेटिंग करावं लागलं नाही.

कापाकापीबद्दल. प्रत्येक सॅम्पलची सुरुवात ० ते १२० या आकड्यांत ठरते. १२० ला आठने भाग जातो, म्हणून दोन बारच्या लूपचे आठ तुकडे हवे असतील तर ०, १५, ३०, ४५ असे आकडे स्टेपवर लॉक करायचे. तुकडे उलटसुलट लावायचे, एखाद्याचा सूर चार सेमीटोन खाली, एखादा उलटा वाजवायचा. लूप तालात चोख असेल तर हे इतकं भराभर होतं की मला वेगळ्या स्लायसिंगची आठवणही येत नाही. ढिल्या हाताने वाजवलेली जुनी टेप असेल तर मात्र प्रत्येक तुकड्याची सुरुवात कानाने शोधावी लागते, आणि त्यात संध्याकाळ जाते.

स्विंग, म्हणजे दर दुसरी स्टेप किंचित उशिरा वाजवणं, ८० टक्क्यांपर्यंत नेता येतो. ही सोय रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये दिली, तीच पुढे १९८८ च्या एमपीसी-६० या सॅम्पलरमधून हिप-हॉपच्या अंगात भिनली. भजनी ठेक्याला मी साधारण ५६ ते ५८ ठेवतो. पण पखवाजाची खरी ओढ स्विंगमध्ये येत नाही, कारण स्विंग दर दुसऱ्या स्टेपला सारखाच ढकलतो. त्यासाठी मायक्रोटायमिंग. एका स्टेपचे २४ बारीक भाग होतात आणि कुठलाही बोल २३ भागांपर्यंत पुढेमागे सरकवता येतो. शेवटच्या मात्रेतला 'ता' मी दोन-तीन भाग उशिरा ठेवतो. तेवढ्यानेच ठेका मागे रेलून बसतो.

प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. चार स्टेपची एक मात्रा धरली तर रूपकाच्या सात मात्रा २८ स्टेपमध्ये बसतात. तबल्याचा ट्रॅक २८ चा, किक आणि बेस ६४ चे. दोघांची सम पुन्हा एकत्र यायला ४४८ स्टेप लागतात, म्हणजे चार-चारचे २८ बार. मधल्या काळात रूपकाची काल (खाली) दर वेळी किकच्या वेगळ्या जागी पडते आणि ऐकणारा बोटांवर मात्रा मोजायला लागतो. पाश्चात्त्य यंत्रावर आपले ताल बसत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एकदा करून पाहावं.

आठ ट्रॅक संपले की रिसॅम्पलिंग. ९० च्या लयीत १२ बार ३२ सेकंदांत होतात, म्हणजे मर्यादेत नेमके मावतात. सगळं मिश्रण एका सॅम्पलमध्ये ओतायचं, सात ट्रॅक पुन्हा मोकळे. तोटा असा की ओतल्यावर पखवाज वेगळा खाली-वर करता येत नाही, आणि मोनो होऊन पॅनिंगही (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं) जातं. तेव्हा ओतण्याआधी हेडफोनबरोबरच स्पीकरवरही ऐका.

१९८७ च्या एसपी-१२०० या जुन्या सॅम्पलरवर एकूण जेमतेम दहा सेकंद सॅम्पलिंग मिळायचं. लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये सूर खाली आणायचे. जागा वाचायची, वर १२ बिटचा खरखरीतपणा आयता मिळायचा. डिजिटॅक्टवर सूर खाली आणला तर तसा खरखरीतपणा येत नाही. बिट रिडक्शन आणि थोडा ओव्हरड्राइव्ह लावून जवळ जाता येतं, तोच आवाज मिळत नाही. त्याच आवाजासाठी घेणार असाल तर घेऊ नका.

लाइव्ह वाजवताना एक गोष्ट रोज वापरतो. फंक्शन आणि यस दाबून पॅटर्न तात्पुरता जपायचा, मग ट्रॅकचं बटण धरून फिल्टरची नॉब फिरवायची: आठही ट्रॅक एकदम बुडतात. फंक्शन आणि नो दाबलं की एका क्षणात सगळं जागेवर. कोरस यायच्या आधी हे केलं की खोलीतली माणसं मान वर करतात.

अडचणीही सांगतो. बॅटरी नाही, १२ व्होल्टचा अडॅप्टर सोबत न्यावाच लागतो. मेमरी कार्डची जागा नाही, फाइली ट्रान्सफर ॲपमधून यूएसबीने जातात. मी त्यासाठीच काय तो संगणक जोडतो. लांब गायन वापरणाऱ्यांना, किंवा पियानोसारखे एका ट्रॅकवर कॉर्ड हवे असणाऱ्यांना हे यंत्र पुरणार नाही.

२०२४ मध्ये डिजिटॅक्ट २ आला: सोळा ट्रॅक, स्टिरिओ सॅम्पल, १२८ स्टेप, प्रोजेक्टला ४०० एमबी. नवं घ्यायचं बजेट असेल आणि स्टिरिओ हवा असेल तर तोच घ्या. ढोल, पखवाज, हलगी, तबला अशी एका माइकवर घेतलेली वाद्यं हे तुमचं मुख्य काम असेल, तर जुना वापरलेला शोधा. घेण्याआधी आठही नॉब हळूहळू फिरवून आकडे उड्या मारत नाहीत ना ते बघा, सोळा स्टेप बटणं एकेक करून दाबा, आणि स्वतःचे हेडफोन घेऊन जा. सॉकेट पाव इंची आहे, छोट्या पिनच्या हेडफोनसाठी जोडपिन विसरू नका.