हॅमस्टरचा पिंजरा बदलायचाय: एका दिवसात सगळं, की थोडं थोडं?

नवा मोठा पिंजरा आणलाय, भुसा काढून कागदी बेडिंग टाकायचंय, किंवा नुसतीच मोठी साफसफाई काढली आहे. हॅमस्टर धीट असेल तर कसंही केलंत तरी निभावतं. प्रश्न येतो तो हात आत गेला की बिळात दडणाऱ्या, जरा खुट्ट झालं की जागच्या जागी थिजणाऱ्या हॅमस्टरचा. अशा वेळी एका दुपारी सगळं उरकायचं की दोन-तीन आठवडे थोडं थोडं बदलत राहायचं? दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत आणि दोन्हींना जागा आहे.

एका दिवसात उरकण्याचा मोठा फायदा म्हणजे सुटसुटीतपणा. पिंजरा रिकामा करा, गरम पाण्याने धुवा, लघवीचे पांढरे थर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने काढा, उन्हात कडकडीत वाळवा, नवं बेडिंग भरा. पावसाळ्यात, खासकरून मुंबई-कोकणच्या हवेत, बेडिंग खालून दमट होऊन बुरशी धरतं, तेव्हा अर्धवट बदलून भागत नाही. अंगावर माइट्स (त्वचेवरचे बारीक किडे) झाले किंवा हगवण लागली तरी सगळं फेकावंच लागतं.

पण निव्वळ स्वच्छतेसाठी हे करायचं तर एक गोष्ट मला फार खटकते. सिरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात, ड्वार्फ (बुटक्या) जातींना पोटावर. नजर अधू असल्यामुळे घर, साठा, शौचाचा कोपरा हे सगळं तो वासावर ओळखतो. ते एका दुपारी पुसलं गेलं की त्याच्या लेखी तो परक्या जागेत येऊन पडतो. मग आपला वास परत बसवायला तो कडांना कुशी घासत फिरतो, एरवी कोरड्या राहणाऱ्या कोपऱ्यांतही लघवी करतो आणि रात्रभर गज कुरतडतो. म्हणजे जो वास घालवायला एवढा खटाटोप केला, तो उलट लवकर परततो! पाळणारे बिचारे पुन्हा सगळं धुतात आणि चक्र सुरूच राहतं. मोजमाप काही माझ्याकडे नाही, पण सगळं धुतलेला पिंजरा अर्धा बदललेल्या पिंजऱ्याच्या आधी वास मारू लागतो, असंच मला दिसत आलंय. मनात पारडं थोडं थोडं बदलण्याकडे झुकलं ते तिथेच.

थोडं थोडं बदलताना क्रम महत्त्वाचा. आधी लघवीचा कोपरा. तिथलं ओलं बेडिंग दर दोन-तीन दिवसांनी मूठभर काढायचं आणि तेवढंच नवं टाकायचं. त्या कोपऱ्यात वाळूचं भांडं ठेवलं तर बरेच हॅमस्टर तिथेच जातात. वाळू दाणेदार हवी, पिठासारखी धूळ नको, ती श्वासात जाते. मग बाकीच्या बेडिंगचा एका वेळी तिसरा हिस्सा, मध्ये आठवडाभराचं अंतर. घरटं सगळ्यात शेवटी, आणि तेही पूर्ण कधीच नाही. साठ्यातून फक्त काकडी-गाजरासारखं ओलं काढायचं, कोरडे दाणे तसेच राहू द्यायचे. साठा नाहीसा झाला की तो कावराबावरा होतो.

बेडिंगची खोली वाढवणं हा सगळ्यात सोपा बदल, कारण जुन्याला हात लावावाच लागत नाही. जुना थर तसाच ठेवून वर भर घालत 20-25 सेंमीपर्यंत न्या. सिरियाच्या अलेप्पोजवळच्या शेतांत रानटी हॅमस्टरची बिळं सरासरी 65 सेंमी खोल आढळली आहेत, तेव्हा दुकानदार सांगतो त्या दोन बोटांच्या थरात त्याचं काय भागणार?

पिंजराच नवा असेल तर मांडणी जुनीच ठेवा: घर त्याच कोपऱ्यात, चाक त्याच बाजूला, बाटली त्याच उंचीवर. खाली नवं बेडिंग, घराभोवती आणि वर जुन्यातलं निदान तिसरा हिस्सा, शक्यतो घरट्याजवळचं. चाक मोठं करायचं असेल (सिरियनला साधारण 28 सेंमी लागतं) तर ते त्याच दिवशी नको, आठवड्याने. हलवायचं ते संध्याकाळी, तो आपणहून उठल्यावर. दिवसा झोपेतून उपसून काढू नका. हातात धरण्यापेक्षा त्याच्या घरासकट किंवा मगमध्ये घेऊन न्या. पुढचे दोन-तीन दिवस फक्त दाणापाणी.

तो दिवसा घरट्यात झोपू लागला, रात्री चाकावर पळू लागला आणि नवा साठा करू लागला की पुढचा बदल करा. उघड्यावर कोपऱ्यात झोपत असेल, कान पाठीला चिकटवून बसत असेल तर थांबा. लहान पिल्लू सुस्त पडलं आणि शेपटीखाली ओलं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मादी व्यायली असेल तर निदान दोन आठवडे पिंजऱ्याला हातच लावू नका. बिथरलेली आई पिल्लं खाऊ शकते.

या पद्धतीला चिकाटी लागते, हे खरं. कोणत्या आठवड्यात काय काढलं याची नोंद ठेवावी लागते, आणि घरात हे काम मुलांकडे असेल तर गोंधळ होतो. ज्यांना रोज लक्ष देणं जमणार नाही, त्यांनी एका दिवसाचा मार्ग धरला तर मी नावं ठेवणार नाही. फक्त धुण्याआधी घरट्याजवळचं कोरडं बेडिंग पिशवीभर बाजूला काढा आणि शेवटी वर पसरा. माइट्स किंवा बुरशीमुळे तेही फेकावं लागलं, तर मांडणी तंतोतंत जुनी ठेवा आणि बिनवासाच्या टॉयलेट पेपरच्या भरपूर पट्ट्या घराच्या दाराशी टाका. कापसासारखं मऊ बेडिंग मात्र नको, त्याचे धागे पायात अडकतात. पट्ट्या ओढून तो त्याच रात्री नवं घरटं बांधायला घेतो.