क्यूजीआयएस की आर्कजीआयएस? ठाणे–नवी मुंबईत निवड करणाऱ्यांसाठी

ठाण्यात भूगोलाची प्रयोगशाळा नव्याने उभारणारे महाविद्यालय असो वा बेलापूरमधले तीन-चार माणसांचे सर्वेक्षण कार्यालय, जीआयएसकडे, म्हणजे नकाशा आणि त्यामागची माहिती एकत्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळताना दोघांपुढे पहिला प्रश्न तोच असतो: विनामूल्य क्यूजीआयएस घ्यावे की पैसे भरून आर्कजीआयएस? माझे मत आधीच सांगतो. शिकण्या-शिकवण्यासाठी क्यूजीआयएस घ्यावे. कार्यालयाने मात्र तयार नकाशा कोणाच्या हाती द्यायचा आहे ते पाहून ठरवावे.

गूगल अर्थ प्रो २०१५ पासून विनामूल्य आहे आणि खाडीकाठची खारफुटी जुन्या-नव्या चित्रांत न्याहाळण्यासाठी ते उत्तम आहे. परंतु पूररेषेच्या आत कोणते गट नंबर येतात, अशा प्रश्नासाठी एक लेअर (नकाशातील एका प्रकारच्या माहितीचा थर) दुसऱ्या लेअरशी ताडून पाहावा लागतो, आणि ते काम त्याच्याकडून होत नाही. म्हणून ते या तुलनेत धरलेले नाही.

क्यूजीआयएसची सुरुवात गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केली. ते मुक्त परवान्याचे असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यामुळे विद्यार्थी वर्गातला सराव घरच्या लॅपटॉपवर जसाच्या तसा पुढे नेऊ शकतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या एस्री कंपनीचे आर्कजीआयएस प्रो केवळ विंडोजवर चालते आणि त्याच्या परवान्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागते. खासगी क्लास लावणाऱ्यांनी येथे एक गोष्ट तपासून घ्यावी. जुन्या टिपणांमध्ये अजूनही आर्कजीआयएस प्रोचा पूर्वीचा अवतार आर्कमॅप आढळतो, पण कंपनीने त्याच्या निवृत्तीची तारीख १ मार्च २०२६ अशी जाहीर केली होती. आर्कमॅपच शिकवणार असतील, तर फी भरू नये.

आर्कजीआयएसच्या पारड्यातही वजन आहे. जमिनीच्या तुकड्यांच्या हद्दी आणि त्यांच्या पोटविभागणीचा इतिहास सांभाळणे, पाण्याच्या किंवा विजेच्या जाळ्यात एक झडप बंद केल्यास पुरवठा कोठे कोठे तुटेल हे शोधणे, अशा कामांची साधने त्यात तयार मिळतात आणि अडचण आल्यास कंपनीकडे दाद मागता येते. नकाशांची माहिती सर्व्हरवर ठेवणाऱ्या पोस्टजीआयएस या विनामूल्य डेटाबेसची जोड दिल्यास क्यूजीआयएसवरही अनेकांना एकाच वेळी काम करता येते; मात्र तो सर्व्हर सांभाळणारा माणूस आपल्याच कार्यालयात असावा लागतो, आणि तो नोकरी सोडून गेला की विनामूल्य सॉफ्टवेअरची खरी किंमत कळते.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांची खरी परीक्षा सॉफ्टवेअरपेक्षा फाइलच्या स्वरूपात होते. ठाण्यातील तलावांची यादी हा वर्गात देण्याजोगा साधा सराव आहे: मासुंदा, उपवन, कचराळी यांच्या कडा उपग्रहचित्रावरून आखायच्या आणि तक्त्यात नाव, विभाग, क्षेत्रफळ भरायचे. माझ्या वर्गाने हा तक्ता शेपफाइल या नकाशांच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जुन्या स्वरूपात जतन केला तेव्हा रकान्यांची मराठी नावे मधेच तुटली. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट; ज्या शहराचा नकाशा काढायचा त्याचे नावही त्या जागेत मावत नाही! शिवाय शेपफाइल ही एक फाइल नसून फाइलींचा जुडगा असतो, आणि लिपीची पद्धत सांगणारी छोटी सीपीजी फाइल ईमेल करताना मागे राहिली की तक्त्यातील मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. जिओपॅकेज या एका फाइलीत दोन्ही दोष नाहीत. क्यूजीआयएस नवा लेअर त्यात सहज जतन करते आणि आर्कजीआयएस प्रोलाही ती वाचता येते. तरीही बहुतेक ठिकाणी ‘शेपफाइल पाठवा’ असेच सांगितले जाते. अशा वेळी रकान्यांची नावे रोमन लिपीत आखूड ठेवून मराठी मजकूर फक्त आतल्या नोंदींत भरणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

क्षेत्रफळाची चूक याहून महाग पडते, आणि ती दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकते. ऑनलाइन पार्श्वनकाशे सहसा वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका पद्धतीत) येतात. ठाण्याच्या, म्हणजे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर, त्या प्रक्षेपणात सपाट मोजलेले क्षेत्रफळ जवळजवळ १२ टक्के जास्त येते. एक हेक्टर भूखंड १.१२ हेक्टर दिसतो. यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणात ठाणे आणि नवी मुंबई ४३ उत्तर विभागात येतात, म्हणून लेअर त्या विभागाच्या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ या संकेतांकात, ठेवावा. क्यूजीआयएसच्या गणकात पृथ्वीचा गोलाकार धरणारे आणि सपाट मोजणारे सूत्र वेगवेगळे आहे, तर आर्कजीआयएस प्रोमध्ये तोच पर्याय यादीतून निवडावा लागतो. नवख्या विद्यार्थ्याला यादीतली निवड अधिक लवकर उमगते, हे मान्य करायला हवे.

अर्थात अचूक प्रक्षेपणातला नकाशाही हद्दीचा पुरावा ठरत नाही. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि पडद्यावरचे क्षेत्र जुळले नाही, तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच ग्राह्य धरली जाते.

उपग्रहचित्रांवरून निवड अडत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर विभेदनाची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) विनामूल्य चित्रे दोन्हींमध्ये उघडतात, आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या ठाणे खाडीतील खारफुटीचा विस्तार अभ्यासण्यास ती पुरतात. प्रत्यक्ष जागेवरच्या नोंदींसाठी एकीकडे क्यूजीआयएससोबत चालणारे क्यूफील्ड हे मोबाइल ॲप आहे, दुसरीकडे आर्कजीआयएसचे फील्ड मॅप्स. दुसऱ्यासाठी सहसा आर्कजीआयएसचे खाते लागते. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या मधोमध मोबाइलचे स्थान भरकटते, तेथे दोन्ही ॲप सारखीच हतबल होतात.

महाविद्यालयाने सर्व संगणकांवर क्यूजीआयएसची दीर्घकालीन (अधिक काळ दुरुस्त्या मिळत राहणारी) आवृत्ती बसवावी आणि पैसे उरले तरच शेवटच्या वर्षासाठी आर्कजीआयएसचे मोजके परवाने घ्यावेत. कार्यालयाने काम स्वीकारतानाच फाइल कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या प्रक्षेपणात हवी, हे ग्राहकाकडून लिहून घ्यावे. उत्तरात जिओडेटाबेस (माहिती साठवण्याचे आर्कजीआयएसचे स्वतःचे स्वरूप) आणि त्यातील हद्दींची रचना जशीच्या तशी मागितली असेल, तर आर्कजीआयएसचा खर्च त्याच कामाच्या दरपत्रकात धरावा.